वाफेच्या जमान्यात शिडांवर नफा: बोर्द कंपनीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे: वाफेची जहाजं जगभर फिरू लागल्यावरही फ्रान्सची 'आंतवान-दोमिनिक बोर्द आणि मुलगे' ही कंपनी पहिल्या महायुद्धापर्यंत शिडाचीच मालजहाजं का चालवत राहिली? सरकारी अनुदान मिळत होतं म्हणून, की त्यात खरोखर धंदा होता?

धंदा होता, आणि चांगला होता. अनुदान मिळालं हे खरं, पण त्यावर जगणारे वेगळे होते. त्यांच्याकडे नंतर येतो.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी मालवाहू जहाजांवर तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची काही कप्तान म्हणून. नंतर किनाऱ्यावर बसून जहाजं भाड्यानं लावायचं काम केलं. शिडाच्या जहाजावर नोकरी केलेली नाही. पण आजोबांची फत्तेमारी, म्हणजे किनाऱ्यानं माल नेणारं शिडाचं गलबत, होती आणि घरात जेवताना बोलणं एकाच गोष्टीचं असायचं: परत येताना काय भरायचं? मंगळुरी कौलं मुंबईला उतरवली, आता रिकामं यायचं की काही मिळतंय? बोर्द कंपनीचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा हाच प्रश्न पानोपानी भेटला, फक्त दहा हजार सागरी मैलांच्या मापाचा.

आंतवान-दोमिनिक बोर्द हा दर्यावर्दी घराण्यातला नव्हता. जन्म १८१५ चा, नैर्ऋत्य फ्रान्समधल्या जिमाँ गावचा. समुद्र तिथून लांब. एकोणीस-वीस वर्षांचा असताना तो चिलीतल्या व्हालपाराइसोला गेला आणि तिथे व्यापारात शिरला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. बहुतेक जहाजमालक आधी जहाज घेतात आणि मग माल शोधत फिरतात. हा माणूस मालाच्या बाजूनं जहाजाकडे आला. कुठल्या महिन्यात काय येतं, कोणाची उधारी बुडते, कुठल्या बंदरात होड्या मिळतात, हे त्याला जहाज घेण्याआधीच ठाऊक होतं. पुढे १८४७ च्या सुमारास त्यानं ल केलेक नावाच्या कप्तानाशी भागीदारी केली. एकाला व्यापार कळत होता, दुसऱ्याला समुद्र. १८६८ पासून धंदा एकट्या बोर्दच्या नावावर आला. १८८३ मध्ये तो वारला तेव्हा मुलं कारभारात उतरलेली होती.

आता मुख्य गोष्ट. चिलीच्या उत्तरेला अटाकामाचं वाळवंट आहे. तिथल्या जमिनीत 'कालिचे' नावाचा खडकासारखा थर सापडतो. तो खणून, उकळत्या पाण्यात विरघळवून, थंड केला की सोडियम नायट्रेट मिळतं. आपल्याकडच्या जुन्या शेतकी पुस्तकांत याला 'चिली सॉल्टपीटर' म्हटलेलं दिसेल. त्याआधी युरोपला बंदुकीच्या दारूसाठी सोरा जायचा तो मुख्यतः बिहारमधून. चिलीच्या मालानं ती बाजारपेठ खाल्ली, पण त्याहून मोठं गिऱ्हाईक निघालं ते शेतकरी. उत्तर फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतल्या साखरबीटाच्या शेतीला नत्र हवं होतं. उसाच्या पट्ट्यातल्या वाचकाला यापुढे काही समजावून सांगायला नको. १९१३ पर्यंत चिलीतून वर्षाला पंचवीस लाख टनांहून जास्त नायट्रेट बाहेर जात होतं.

पण तो वाळवंटी मुलूख. झाड नाही, पाणी नाही, जळण नाही. कालिचे उकळायला कोळसा हवा, रेल्वेला कोळसा हवा, तांब्याच्या भट्ट्यांना हवा. दक्षिण चिलीत कोळशाच्या खाणी होत्या, तरी वेल्सच्या कोळशाला मागणी कायम. म्हणजे वेल्समधून कोळसा भरून निघा, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालून चिलीत उतरवा, तिथून नायट्रेट भरा आणि दंकर्क, नांत किंवा दुसऱ्या युरोपीय बंदरात आणा. जाताना भरलेलं, येताना भरलेलं. मोकळं जहाज उलटू नये म्हणून पोटात निरुपयोगी वजन भरावं लागतं, ज्याला आम्ही कोकणात नीरम म्हणतो आणि नोकरीत बॅलास्ट. त्याचे दिवस बोर्दनं कमीत कमी ठेवले. जहाजधंद्यात कुठल्याही काळातली कमाई पाहायची तर मी हेच आधी पाहतो. वर्षातले किती दिवस जहाज पैसे देणारा माल घेऊन चाललं?

मग हाच माल आगबोटीनं का नाही नेला? याची कारणं एकात एक अडकलेली आहेत.

पहिलं कारण रस्त्याचं. १८६९ मध्ये सुएझ उघडला आणि भारत-चीनकडच्या वाटेवर शिडाची जहाजं हळूहळू हटली, कारण सुएझमधून आणि तांबड्या समुद्रातून वाऱ्यावर जाणं परवडत नाही. चिलीला मात्र सुएझचा काहीच उपयोग नव्हता. पनामा कालवा १९१४ मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या आगबोटीला इतक्या लांबच्या प्रवासात वाटेत कोळसा घ्यावा लागायचा, आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे तो महाग. शिवाय स्वतःसाठी नेलेला कोळसा पोटातली जागा खातो. त्या जागेत माल बसला असता.

दुसरं कारण मला जास्त पटतं, कारण ते मी स्वतः बंदरात बसून भोगलं आहे: थांबणं. इकिके, पिसाग्वा, तालताल ही नायट्रेटची बंदरं म्हणजे धक्के नव्हते. उघड्या समुद्रात नांगर टाकायचा आणि किनाऱ्यावरून होड्या गोणी घेऊन येणार. पॅसिफिकची लाट किनाऱ्यावर जोरात असेल त्या दिवशी काम बंद. सणाच्या दिवशी काम बंद. रांगेत पुढे वीस जहाजं असली तर तुमचा नंबर येईपर्यंत बसा. जहाजाला महिना-दोन महिने तिथे सहज जात. आगबोटीला इतका मुक्काम म्हणजे नुसता तोटा. तिचं यंत्र, तिचे इंजिनवाले, तिच्या किमतीवरचं व्याज, सगळं पाण्यावर डुलत बसणार. शिडाच्या जहाजाला तिसेक माणसांचा पगार आणि जेवण, बाकी खर्च फार नाही. आज डेमरेजचा, म्हणजे जहाज ठरल्याहून जास्त थांबलं की लागणाऱ्या भरपाईचा, दर पाहून ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांना हे लगेच कळेल.

आणि तिसरं: नायट्रेट नासत नाही आणि त्याला घाई नाही. शेतकऱ्याला ते वसंतात हवं. तीन महिने समुद्रावर असलेला माल वाटेत असतानाच विकला जायचा, कधी हात बदलत दोनदा-तीनदा. जहाज म्हणजे भाडं देणारं तरंगतं गोदाम. गोदामाला वेग कशाला लागतो?

भरण्याची रीत सांगतो, कारण यात कसब होतं. नायट्रेट जड असतं. गोण्या जहाजाच्या पूर्ण पोटात पसरल्या तर सगळं वजन तळाशी जातं, आणि मग जहाज लाटेवर इतक्या झटक्यानं उलटसुलट झुलतं की डोलकाठ्या उखडतात. म्हणून गोण्या मध्यभागी पिरॅमिडसारख्या रचत वर न्यायच्या, बाजूंना मोकळी जागा सोडून. हे काम बंदरातला एकच कसबी माणूस करायचा. इतर लोक गोणी त्याच्या खांद्यापर्यंत आणून देणार, तो ती जिथे टाकेल तिथेच ती बसणार, युरोपात पोचेपर्यंत हलणार नाही. मी चिलीतल्या टोकोपिया बंदरात नायट्रेट भरलं आहे, पण ते सुटं, पट्ट्यावरून धो धो ओतलेलं. सहाशे गोण्या टाकल्यावरही रास सरळ ठेवणाऱ्या त्या माणसाचा विचार तेव्हा मनात आला होता. शेवटची गोणी वर चढवताना जहाजावर जल्लोष असायचा. एखादा पोरगेला खलाशी गोणीबरोबर वर जायचा, आणि रात्री कंदिलांचा दक्षिण क्रूस, म्हणजे दक्षिण आकाशातला तो तारकासमूह, करून डोलकाठीवर चढवायचे. शेजारची जहाजं ओरडून दाद द्यायची.

नायट्रेटची आग हे वेगळंच संकट. इतर माल पेटला तर हॅच, म्हणजे मालाच्या खणाचं झाकण, घट्ट लावून हवा तोडतात. नायट्रेट स्वतःच प्राणवायू पुरवतं, त्यामुळे गुदमरवून ते विझत नाही. भरपूर पाणीच लागतं. त्या काळचे कप्तान हे जाणत होते आणि नायट्रेट विरघळलेल्या पाण्याचं पिंप भरतीच्या वेळी हाताशी ठेवायचे.

जाताना मात्र वारा उलटा. केप हॉर्नला पश्चिमेचे वारे बाराही महिने, आणि चिलीकडे जाणारं जहाज पश्चिमेकडेच चाललेलं. अटलांटिकमधल्या ५० अंश दक्षिणेपासून पॅसिफिकमधल्या ५० अंशांपर्यंतचं अंतर हे या लोकांचं मोजमाप होतं. नशीब असेल तर दोन आठवडे, नसेल तर दोन महिने. १९०५ च्या भयंकर हिवाळ्यात सुझाना नावाच्या जर्मन जहाजाला या टोकाला वळसा घालायला ९९ दिवस लागले. अशा पाण्यात कोळसा हा वाईट सोबती. तो गरम होतो, वायू सोडतो, आणि जहाज एका बाजूला झुकलं की तिकडे सरकतो.

बोर्दच्या सर्वांत नावाजलेल्या जहाजाचा घात यातच झाला. 'फ्रान्स' हे जगातलं पहिलं पाच डोलकाठ्यांचं बार्क, म्हणजे शेवटची डोलकाठी सोडून बाकीच्यांवर आडवी चौकोनी शिडं असलेलं जहाज. १८९० मध्ये ग्लासगोच्या हेंडरसन गोदीत बांधलेलं, सुमारे ११० मीटर लांब, सहा हजार टनांच्या आसपास माल नेणारं. नीरमासाठी दगडमाती न भरता पाणी भरायच्या टाक्या त्याच्या पोटातच केल्या होत्या. मालाचे दिवस जपणाऱ्या कंपनीनं असा खर्च का केला असेल ते उघड आहे: माल उतरवला, टाकी भरली, निघालो. १८९७ मध्ये ते इंग्लंडच्या डंजनेसजवळ नांगरलेलं असताना ब्लेनहाइम या ब्रिटिश युद्धनौकेनं त्याला धडक दिली. दोन टोकांचे दोन दिवे इतके लांब होते की युद्धनौकेवरच्यांना ती दोन वेगळी छोटी जहाजं वाटली आणि त्यांनी मधून जायचं ठरवलं! त्यातून फ्रान्स वाचलं. १९०१ मध्ये इंग्लंडहून कोळसा घेऊन व्हालपाराइसोला जाताना दक्षिण अटलांटिकच्या वादळात माल सरकला, जहाज आडवं पडत गेलं आणि ते सोडून द्यावं लागलं. माणसं वाचली.

(इथे एक घोळ नेहमी होतो म्हणून सांगतो. १९१३ मध्ये पुरं झालेलं, त्याहून मोठं 'फ्रान्स' हे वेगळं जहाज. ते बोर्दचं नव्हतं. न्यू कॅलेडोनियातून निकेलचं खनिज आणायला बांधलेलं, आणि १९२२ मध्ये तिथल्याच प्रवाळात अडकून गेलं. जालावर दोघांची चित्रं सर्रास अदलाबदल होतात.)

आता अनुदान. फ्रेंच सरकारनं १८८१ मध्ये कायदा केला आणि १८९३ मध्ये तो शिडाच्या जहाजांना आणखी अनुकूल केला. फ्रान्समध्ये बांधलेल्या शिडाच्या जहाजाला दर हजार मैलांमागे प्रत्येक टनाला १.७० फ्रँक, वय वाढेल तसा दर थोडा कमी होत जाणारा. गणित करून पाहा. दोन हजार टनांचं नवं जहाज हजार मैल चाललं की ३,४०० फ्रँक. वीस हजार मैलांची खेप केली की ६८,०००. माल असो वा नसो! सरकारला वाटलं, आपण नाविक आणि गोद्या घडवतोय. नांतच्या मालकांनी ऐकलं ते 'मैल'.

मग काय झालं, पाहा. १८९७ ते १९०२ या थोड्या वर्षांत फ्रेंच गोद्यांतून दोनशेच्या आसपास मोठी पोलादी शिडाची जहाजं बाहेर पडली. त्यातली कितीतरी युरोपातून नुसतं नीरम भरून निघायची, आशा पुढच्या मालाची. टास्मानियातल्या होबार्टला पोचायची, तिथे मालकाचा हुकूम घ्यायचा, मग पुढे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला गहू भरायला. लांबचा रस्ता म्हणजे जास्त मैल, जास्त मैल म्हणजे जास्त फ्रँक. १९०२ मध्ये कायदा आवळला आणि बांधणी जवळजवळ थांबली. त्या जहाजांतली बरीच पुढे नांतजवळ लुआर नदीच्या मार्तिनिएर कालव्यात ओळीनं बांधून ठेवली गेली, शिडं उतरवून, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, भंगारवाल्याची वाट पाहत. त्या कालव्याची छायाचित्रं जरूर बघा. डोलकाठ्यांचं ओकंबोकं जंगल आहे ते.

बोर्दनंही फ्रेंच गोद्यांत जहाजं बांधून घेतली आणि अनुदान घेतलं. न घेणं मूर्खपणा ठरला असता. पण त्याचा ताफा आधीच उभा होता, मुख्यतः ब्रिटिश गोद्यांत बांधलेला, आणि त्याचं वेळापत्रक मालावर चालायचं. चिलीत कंपनीची स्वतःची माणसं. जहाज नांगर टाकायच्या आधी परतीचा नायट्रेट ठरलेला. हॅम्बर्गचा जहाजमालक लाइस, ज्याची 'प्रॉइसन' आणि 'पोतोसी' सारखी जहाजं सगळ्यांना ठाऊक आहेत, तोही हेच करायचा. हे दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी, पण माझ्या लेखी एकाच वर्गातले. करड्या रंगाच्या हुलवर, म्हणजे जहाजाच्या अंगावर, तोफांच्या खिडक्यांसारखे काळे-पांढरे चौकोन रंगवलेली बोर्दची जहाजं चिलीच्या बंदरात लांबून ओळखू यायची. जुन्या युद्धनौकांची ती नक्कल. समुद्री चाच्यांची भीती केव्हाच गेली होती, थाट राहिला.

महायुद्धानं काय केलं, ते दोन जहाजांवरून कळतं. 'व्हॅलेंतीन' वेल्सचा कोळसा घेऊन चिलीकडे येत होतं. नोव्हेंबर १९१४ मध्ये जर्मनीच्या अ‍ॅडमिरल फॉन श्पेच्या आरमारानं ते पकडलं आणि चिलीच्या मास आफुएरा बेटाशी नेऊन कोळसा काढून घेतला. फॉकलंडच्या लढाईकडे निघालेल्या जर्मन क्रूझरांना इंधन मिळालं ते बोर्दच्या पोटातलं. दुसरं 'आंतोनाँ', फेब्रुवारी १९१७ मध्ये अटलांटिकमध्ये 'झेआडलर' या जर्मन जहाजानं बुडवलं. गंमत, किंवा वाईट गंमत म्हणा, झेआडलर स्वतः शिडाचं जहाज होतं, साधं मालवाहू असल्याचं सोंग घेतलेलं, पोटात इंजिन आणि तोफ लपवलेली. त्याच मोहिमेत बुडालेल्या एका फ्रेंच जहाजाचं नाव 'डुप्ले' होतं, पाँडिचेरीच्या गव्हर्नरावरून ठेवलेलं. आणि पाणबुड्यांनी तर इंग्लिश खाडीच्या तोंडाशी, तीन महिन्यांचा प्रवास संपत आलेला असताना, जहाजं गाठली. वारा पडलेलं शिडाचं जहाज पाणबुडीपुढे काय करणार? युद्ध सुरू झालं तेव्हा चाळिसाहून जास्त जहाजं असलेल्या बोर्दचा जवळपास निम्मा ताफा त्यात गेला.

पण कंपनी युद्धानं मेली, असं मी म्हणणार नाही. जहाजं पुन्हा घेता येतात. १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवणारा कारखाना सुरू झाला, आणि युद्धात चिलीचा माल तुटल्यामुळे जर्मनीनं ती वाट रुंद केली. शांतता झाल्यावर तोच कारखाना खतं देऊ लागला. १९१४ मध्ये पनामा उघडलाच होता, म्हणजे आगबोटीचा रस्ता आखूड झाला. १९१९ मध्ये फ्रान्सनं खलाशांनाही दिवसाला आठ तास कामाचा कायदा लावला, त्यामुळे माणसं वाढवावी लागली, आणि १९२०-२१ मध्ये जगभर भाडी कोसळली. आधी मी ज्या कारणांनी शिडाचं जहाज स्वस्त पडायचं म्हणालो, ती एकेक करून गेली. स्वस्त माणूसबळ गेलं, लांबचा रस्ता गेला, आणि परतीचा माल, ज्याच्यावर सगळं उभं होतं, तोच पातळ झाला. बोर्दनं उरलेली जहाजं विकली आणि मोडीत काढली. कंपनी १९३५ मध्ये बंद झाली.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर त्या काळातलं एक फ्रेंच जहाज अजून चालतं: 'बेलेम', १८९६ मध्ये नांतला बांधलेलं, ब्राझीलहून कोको आणणारं. १९०२ मध्ये मार्टिनिकच्या सँ-पिएर बंदरात जागा नव्हती म्हणून ते थोडं दूर नांगरलं, आणि ज्वालामुखीनं सगळं बंदर जाळलं तेव्हा तेवढ्यानं वाचलं. २०२४ मध्ये ऑलिम्पिकची ज्योत ग्रीसहून मार्सेयला यानंच नेली. पण त्याच्यावरून बोर्दच्या जहाजाचा अंदाज करायचा तर लांबी जवळपास दुप्पट धरा, आणि पोटात कोको नाही, वेल्सचा कोळसा भरलेला आहे असं समजा.